नापास आत्या

प्रिय सेमिसी,

'प्रिय' रीत म्हणून लिहिलं आहे, मनावर घेऊ नकोस. समोर बसवून तुझी खरडपट्टी काढली असती, पण आपल्या टोंगा बेटांवरच्या लोकांत वयात आलेले बहीणभाऊ एका खोलीत बसत नाहीत. त्या रीतीनं आज तू वाचलास. काल तू बायकोच्या हाती अळूच्या पानांत शिजवलेलं मटण धाडलंस आणि त्यावर निरोप, की लेसिएली पायरीवरून पडली असं मी चर्चमध्ये सांगावं आणि पोरीला मुकाट्यानं घरी पाठवावं. फिफिता खाली मान घालून पाठ केल्यासारखं बोलली. मटणात तिच्या हाताचा काही दोष नव्हता, म्हणून खाल्लं. निरोप मात्र घशाखाली उतरला नाही.

तुझी लेक माझ्याकडे कशाला येत होती, ते तुला ठाऊक आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेत मी नापास झाले तेव्हा चर्चच्या जेवणात सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलास. सिडनीत जन्म गेला हॉस्पिटलच्या चादरी धुण्यात, आणि ताईला साधं हो-नाही जमेना, म्हणालास. चुकलं काय होतं, ते मात्र सोयीनं गिळलंस. बाई आणि पुरुष समान आहेत का, असा प्रश्न होता. मी 'नाही'वर बोट ठेवलं. समान कसे असतील? आपल्यात भावापेक्षा बहिणीचा मान मोठा, आणि भावाच्या लेकरांवर आत्याचा शब्द बापाच्याही वर. मी खरं तेच सांगितलं. पण इथल्या मूल्यांवरच्या पाच प्रश्नांतला एक जरी चुकला, तरी बाकीचं सगळं बरोबर असूनही नापास करतात.

मग लेसिएलीनं मला मोबाइलवर सरावाला बसवलं. फुकटच्या सराव परीक्षा, व्हिडिओ, उत्तर चुकलं की स्क्रीनवर लाल फुली. ती वाचायची, मी बोट दाबायची. आत्या, तिथं बसून बाबांच्या बरोबरीची आहेस एवढं कबूल कर, बाहेर आलीस की परत डोक्यावर बस, म्हणायची. मी हुज्जत घातली, पण शेवटी कबूल केलं. तुझ्या पातळीवर उतरणं सोपं नव्हतं.

एक प्रश्न मात्र ती वाचायची नाही. घरातल्या माणसाला मारणं कधी चालतं, असा. बोटानं पुढे ढकलायची आणि म्हणायची, हा सोपा आहे. सोपा होता तर वाचायला काय झालं होतं? ती साइटही हट्टी, सोडलेला प्रश्न फिरून फिरून समोर आणायची. आणि पोरगी जानेवारीच्या काहिलीत लांब बाह्यांचा स्वेटर घालून बसलेली. एके दिवशी मी तिची बाही वर सारली. काय दिसलं ते तुला सांगायला नको, हात तुझाच होता. त्या दिवसापासून ती माझ्याकडे आहे, आणि त्यानंतर मी पासही झाले. शरम वाटते मला तुझी. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून देवाचं नाव घेतोस आणि घरी येऊन पोटच्या पोरीला बडवतोस.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. लेसिएली येणार नाही, मी खोटं बोलणार नाही. तिच्या बापाची थोरली बहीण म्हणून हा हक्क माझा आहे, आणि घरातल्या माणसाला मारणं कधीच चालत नाही, असं इथला कायदाही म्हणतो. आज सकाळी पोलीस चौकीत तिनं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. खरं तर हे उत्तर मी फिफिताच्याच हाती पाठवणार होते. पण काल लेकीचे हात बघून तिनं स्वतःच्या पाठीवरचे वळ मला दाखवले. आज चौकीत तीही बोलली. तुझी बायको परत येणार नाही, सेमिसी, म्हणून हे पत्र.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
थोरली बहीण लोसालीने