पणजोबांची मगर आणि शिखाचं शिक्षण

थाटीपुर, ग्वाल्हेर
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप शांताताईंच्या पायांशी धाकट्या जयसिंहाचा दंडवत.

तुमचे गुडघे कसे आहेत? बडोद्याचे नवे डॉक्टर औषध देतात की नुसतेच गोड बोलतात? इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त घराण्याचं नाक तेवढं कापलं गेलं आहे. म्हणून हे पत्र. (फोनवर सांगितलं असतं, पण मी फोनवर बोलू लागलो की वनमाला स्वयंपाकघरातून माझ्या हकिगतीत दुरुस्त्या करते. तीस वर्षांच्या संसारात तिला माझी एकही गोष्ट पटलेली नाही.)

तर तुमची लाडकी भाची शिखा एम.एस्सी. झाली. विषय मासे आणि वन्यप्राणी. आपल्या घराण्यात मासा ताटात असायचा आणि वन्यप्राणी भिंतीवर, याहून जास्त ओळख कुणी ठेवली नव्हती. हिने दोन वर्षं तिघरा धरणाचं पाणी बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवलं. शेजारी विचारायचे, "बिटिया मछली में क्या कर रही है?" मी सांगायचो, तैर रही है. वाटलं, एवढ्यावर भागेल. पण आता बाईसाहेबांना पीएच.डी. करायची आहे, तीही मगरींवर. म्हणजे आणखी चारपाच वर्षं नदीकाठच्या चिखलात बसून मगरीने काल काय खाल्लं याचा छडा लावायचा. बाप काल काय जेवला हे विचारा, सांगता येणार नाही.

मी म्हटलं, आधी लग्न, मग मगरी. मोरारचे दिग्विजयसिंह (ज्यांच्या मिशा त्यांच्या आधी दारात शिरतात, तेच) आपल्या मुलासाठी, सौरवसाठी मुलगी शोधत होते. सोनं लुटायच्या निमित्ताने दोघांना दसऱ्याला घरी बोलावलं. बैठकीत शस्त्रपूजा झालेली, तलवार, भाला, कधीच न उडालेली बंदूक, आणि मधोमध आपली शान, पणजोबांची पेंढा भरलेली मगर. (सरकारी दाखला आहे, घाबरू नका.) चंबळेतली नरभक्षक मगर, पणजोबांनी एका गोळीत लोळवलेली. तिच्या त्या आ वासलेल्या जबड्याला आपण लहानपणापासून हळदकुंकू वाहत आलो. मी पाहुण्यांना तीच गोष्ट सांगत होतो, आणि मी सांगू लागलो की मगर दरवर्षी हातभर वाढते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

इतक्यात शिखा चहा घेऊन आली. तिने ट्रे ठेवला, आणि मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात लाजून बसायचं सोडून मगरीपाशी गुडघ्यांवर बसली. मगर वर्षभर मागच्या खोलीत चादरीखाली असते आणि पूजेच्या दिवशी शिखा नेहमी धरणावर असायची, त्यामुळे शिकल्यापासून त्या जनावराला तिने नीट पाहिलंच नव्हतं. म्हणाली, "बाबा, ही मगर नाहीच. गर्दन देखिए ना!" मगरीच्या मानेवरचे खवले म्हणे पाठीपासून तुटक असतात, हिचे सलग आहेत, म्हणजे हा घडियाल. लांब, निमुळत्या तोंडाचा, मासे खाऊन जगणारा, माणसाच्या वाटेला न जाणारा जीव. मी म्हटलं, मग एवढा रुंद जबडा कुणाचा? तिने नखाने टकटक केलं, जरा हलवलं, आणि जबडा तिच्या हातात आला. सागवान होतं, ताई! पणजोबांनी गरीब घडियाल मारला, त्याचं तोंड कापलं आणि सुताराकडून नरभक्षकाचं बसवून घेतलं. आणि आपण चार पिढ्या फर्निचरला कुंकू लावत बसलो.

सौरव मोठ्याने हसला. त्याच्या वडिलांच्या मिशा मात्र खाली आल्या. जरा वेळाने हळूच विचारतात, "बेटी, शेर का भी पता चल जाता है क्या?" त्यांच्या बैठकीत आजोबांनी मारलेला वाघ आहे. आमची कन्या आनंदाने म्हणाली, "जी अंकल, कल ही आ जाती हूँ देखने." चहा तसाच राहिला. संध्याकाळी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. (पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.)

मी दोन दिवस पोरीशी बोललो नाही. राग तर होताच, पण खरं सांगू? ती खवले दाखवत होती तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. एवढे शूर पुरुष त्या बैठकीत बसून गेले, त्या मुक्या जीवाकडे कुणी धड पाहिलंसुद्धा नाही. असो. ती फक्त तुमचं ऐकते. तेवढं तिला समजवा आणि हे मगरीचं खूळ डोक्यातून काढा.

तुमचा,
जयसिंह

ता. क. समजवायची घाई नको. तिचा पीएच.डी.चा प्रवेश बडोद्यालाच झाला आहे. विश्वामित्री नदीतल्या खऱ्या मगरी तुमच्या घराच्या मागेच आहेत, तेव्हा राहायला तुमच्याकडेच येईल. तिकीट मीच काढलं. वनमालाला वाटतं, तुम्ही काढून पाठवलंत. वाटू द्या.

ता. क. २. जबडा शिखाने स्वतः फेविकॉलने परत चिकटवला. म्हणाली, पुढच्या दसऱ्याला कुंकू मीच लावणार, पण मानेवर. जबडा तुमचा, मान त्याची.

ता. क. ३. ती येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळी पोचेल. त्याच्या आत तुमच्या सासऱ्यांनी मारलेला बिबट्या माळ्यावर टाका.