फोडलेलं अंगण

९ मे
अंगणातला कोबा फोडायला घेतला. दुपारपर्यंत दाराएवढा तुकडा निघाला. खाली माती मेल्यासारखी, पांढरट. बोअर आटलाय, पावसाचं पाणी जमिनीत जायला तर पाहिजे. शांता दारातून म्हणाली, "घातला बी तुम्हीच, फोडता बी तुम्हीच." खरंय. तेव्हा चिखल नको होता.

२३ मे
शोषखड्डा झाला. विटांचे तुकडे स्टेशनाकडून गोणीत आणले. पाठ धरलीय. राहुल कामावरून येऊन बघत उभा राहिला. "पप्पा, मुकुंदवाडीत लोक फरशा बसवायलेत आन् तुम्ही उकरायलात." पोरगा आहे, बोलणारच.

२८ जून
गच्चीचं पाणी दोन पिंपांत घेतलं. नळाचा भरवसा नाही, झाडांना हेच. झाकणं नाहीत, वरून बारदान बांधलं. करंज, जास्वंद, कढीपत्ता लावला. आळी सान्वीनं केली. सहा वर्षांची नात, पण हात चांगला चालतो. फवारणी करायची नाही असं ठरवलंय.

१९ ऑगस्ट
शेजारचे शेखचाचा भिंतीवरून म्हणाले, "भाऊ, मच्छर लई हो गए." मी म्हणालो, गटारीचे असतील.

२ सप्टें.
सान्वीचा ताप उतरेना. रक्त तपासलं. डेंग्यू. दवाखान्यात ठेवलंय.

३ सप्टें.
मनपाचे दोघं आले. पिंपात बॅटरी धरली. "काका, बघा." बारदान एका बाजूनं आत लोंबलेलं. अळ्या वळवळत होत्या. मी रोज त्यातूनच पाणी घ्यायचो आणि दिसलं नाही. दोन्ही पिंपं ओतली. शेखचाचांच्या कूलरमध्येही निघाल्या म्हणे, आणखी दोन घरीही. कुठल्या पाण्यातला डास चावला, कोण सांगणार. प्रणाली, म्हणजे सून, माझ्याकडे बघतही नाही.

६ सप्टें.
प्लेटलेट्स अजून खालीच. शांता तिथंच राहते. राहुल डबा न्यायला आला. बराच वेळ बूट काढलेच नाहीत. मग म्हणाला, "पप्पा, मी तुम्हाला काय म्हणत नाय. पण ती घरी येईस्तोवर हे बुजवायचं. सगळं." डास मातीत होत नसतात, एवढं तोंडापर्यंत आलं. गिळलं.

११ सप्टें.
सान्वी घरी आली. मनगटं काडीसारखी.
मिस्त्री नव्या कोब्याची मापं घेऊन गेला. त्याला म्हणालो, करंजाभोवती गोल जागा सोड. तो राहुलकडे बघत राहिला. राहुल फोनमध्ये.

१४ सप्टें.
सकाळी जोराचा पाऊस झाला. गेटबाहेर थेंब गेला नाही, सगळं मुरलं. इतकं काम केल्यावर आज कुठं नीट मुरलं. सांगणार कुणाला. परवा मिक्सर येतोय.

सान्वी दारात आली. "आबा, खाली येऊ?"
आत प्रणालीच्या भांड्यांचा आवाज थांबला.
म्हणालो, "नको बाई."
ती पायरीवर उभीच. "मग तुम्ही बी वर या ना."
उठलो नाही. करंजापाशी बसूनच लिहितोय. ती अजून तिथंच आहे.