खमिराची बरणी

सोमवार, ३ मार्च

चर्चमध्ये प्रभुभोजनाला मोडून वाटतात तो पाव या वेळी मी भाजायचा! पाळकसाहेब दुकानात येऊन सांगून गेले. पप्पा गेल्यापासून आमच्या भट्टीतून तो पाव गेलेला नाही. मी हो म्हणणार, तेवढ्यात त्यांनी आमच्या मंडळीतला नेहमीचा प्रश्न विचारला — भाजणाऱ्याच्या मनात कोणाविषयी अढी आहे का?

खोटं कसं बोलणार? म्हटलं, धाकट्या भावाविषयी आहे.

"मग ती काढा आणि भाजा," म्हणाले, आणि बिस्किटांचा पुडा घेऊन चालते झाले. जसं काही अढी म्हणजे भट्टीतला ट्रे!

मंगळवार, ४ मार्च

अढी काय ते एकदा लिहूनच काढते. पप्पांनी जपलेलं खमीर होतं. नुसतं पीठ आणि पाणी, रोज मूठभर पीठ घालून जिवंत ठेवलेलं. धाकटा भांडून वेगळा झाला, पलीकडच्या रस्त्यावर त्याने स्वतःची बेकरी काढली. तेवढं मी पोटात घातलं असतं. पण तो निघाला त्याच दिवशी खमिराची बरणी रिकामी! विचारलं तर मान वर न करता म्हणाला, "मीच ओतून दिलं, ताई." तेव्हापासून माझा पाव पुडीतल्या यीस्टवर फुगतो, आणि मी धाकट्यावर.

क्षमा करतात म्हणजे नेमकं काय करतात? जन्मभर चर्चला जाते, पण रीत कोणी सांगितली नाही.

गुरुवार, ६ मार्च

पाळकसाहेबांनाच विचारलं, क्षमा झाली हे कळतं कसं? ते हसले. "स्वतःसाठी जे मागता, तेच त्याच्यासाठी मागून बघा."

घरी येऊन मागितलं. "प्रभू, त्याचा पाव चांगला फुगू दे" — आणि पुढे आपसूक आलं, "पण माझ्याइतका नको." देवाने ऐकलं असणार. लाज वाटली आणि हसूही आलं.

शुक्रवार, ७ मार्च

नवं खमीर लावलं. प्रभुभोजनाला पुडीतलं यीस्ट नको वाटलं. मम्मी बरणीभोवती घुटमळत होती. "हे नासलंय का गं?" हल्ली तिच्या लक्षात काही राहत नाही. म्हटलं, नासलं नाही, पप्पा करायचे तसं करतेय.

रविवार, ९ मार्च

बरणीत बुडबुडे!

रागही चाचपून पाहिला, दुखऱ्या दाताला जीभ लावतो तसा. आहे अजून. पण आता 'ओतलं' याचा राग कमी आणि 'का ओतलं' हे कोडंच जास्त. मी एक वेळ पीठ घालायला विसरेन, तो कधी विसरला नाही. मग त्याचा हात धजला कसा?

बुधवार, १२ मार्च

गेले त्याच्या दुकानात. गिऱ्हाइकासारखी रांगेत उभी राहिले. "काय देऊ?" म्हणत त्याने वर पाहिलं. "ताई?"

"खमिराचं मी सोडून दिलं. अगदी मनापासून." एवढं बोलले आणि रडू फुटलं, तेही चारचौघांत. कारण विचारायचं ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. कारण पटलं तरच माफी, हा तर सौदा झाला.

पाव कापायचा सोडून त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "मम्मी बरी आहे ना?" हे काय उत्तर झालं? पण पिशवीत गरम पाव घातला आणि पैसे घेईना.

घरी येऊन खाल्ला. माझ्यापेक्षा चांगला होता. आणि मला चाललं!

शुक्रवार, १४ मार्च

खमीर फुगून बरणीच्या तोंडाशी आलं. उद्या भाजायचं. पाळकसाहेबांना निरोप धाडला — मनात काही नाही.

शनिवार, १५ मार्च

बरणी ओट्यावर उपडी. घासून लख्ख.

मम्मी टॉवेलला हात पुसत होती. "वास मारत होती गं. मागेही असाच वास येत होता. तेव्हाही मीच धुतली, तर धाकटा केवढा घाबरला. म्हणाला, ताईला सांगू नकोस, मी बघतो."

टॉवेल घेऊन तिचे ओले हात मी पुसले.

क्षमा करायला गेले होते मी! पाव पुडीतल्या यीस्टचाच होईल. पण आधी पलीकडच्या रस्त्यावर जायचं. पुन्हा रांगेत उभं राहायचं — या वेळी मागायला.