देवी निजते तेव्हाची सुट्टी

भाद्रपद वद्य अमावास्या, शके १८६६

अण्णा आज पुन्हा म्हणाले! श्राद्धाला आलेल्या ब्राह्मणांसमोर, हातात पळी धरून— "माझ्या पोरांच्या जिभेवर ती भाषा चढणार न्हाय. घरात शाळा काढीन, पण निजामाच्या सरकारी मदरशात पाठवायचा न्हाय." सगळे वा वा म्हणाले. विष्णुपंतांसारखा बाणेदार माणूस तुळजापुरात दुसरा नाही म्हणे. मी वाढत होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षं झाली या घरातल्या शाळेला. तेव्हा मी उर्दूची चौथी पास झाले होते, पहिल्या नंबरानं. आमचे जैनोद्दीन मुन्शी म्हणायचे, "ये बच्ची उस्तानी बनेगी." मलाही मास्तरीणच व्हायचं होतं. अजूनही तेच व्हायचंय. पण अण्णांनी मला जवळ बसवून सांगितलं, "विमल, हे व्रत आहे. तू थोरली. तू मोडलंस तर सगळं मोडलं." मी एक टिपूस न काढता दप्तर ठेवून दिलं. सोलापूरला इंग्रजी हद्दीत मराठीच्या फायनलला बसवतो, मग हो की मास्तरीण— असं कबूल केलंय त्यांनी. पुढल्या वर्षी. मागल्या वर्षीही पुढल्या वर्षीच होतं.

अण्णा स्वतः कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देतात. ते पोटासाठी. घरी आले की हातपाय धुतात, आणि मग मराठी.

आश्विन शुद्ध प्रतिपदा

घट बसले. अण्णांनी माझ्या धाकट्या बहिणीला, शामलाला, काम दिलं— घटातले अंकुर रोज दोऱ्यानं मोजायचे. शामला सात वर्षांची. विचारते कशी, "देवी रागावली तर? तिचं शेत मोजलं म्हणून?" अण्णा इतके हसले! असे असले की फार आवडतात. आमची शाळा अशीच चालते. पाऊस सरला की मळ्यात जाऊन ज्वारीची पेर बघायची, गवतांची नावं पाठ करायची, हादग्याच्या फेरात पाढे म्हणायचे. मदरशात असलं काही नव्हतं, हे खरं.

आडावर मैमुना भेटली. मुन्शींची मुलगी, पलीकडच्या आळीतली. एका बाकावर बसायचो आम्ही. मी हसले. तिनं घागर उचलली आणि चालू लागली. दोन वर्षं हेच चाललंय! मी हिचं काय घोडं मारलंय? शाळा सोडली तर मैत्रीही सुटते? फितूर मेली.

आश्विन शुद्ध चतुर्थी

माझा धाकटा भाऊ नरू रोज पहाटे तालमीत जातो. मी रात्री हरभरे भिजत घालते, पहाटे उठून दूध तापवून देते. एवढं खाऊनही दंड बघावेत तर पडवळ! आज मी तसं म्हणाले, तर भडकला.

आश्विन शुद्ध नवमी

खंडेनवमी. विळी, कातर, पाट्या, पुस्तकं, सगळं पाटावर मांडलं. अण्णांचा बोरू आणि दौतही. मी फूल वाहताना म्हणाले, "अण्णा, हा बोरू तर उर्दूच लिहितो, ह्याला चालतं का सरस्वतीचं फूल?" आईनं डोळे वटारले. अण्णा म्हणाले, "हत्याराला जात नसते." छान बोलतात.

आश्विन शुद्ध दशमी, दसरा

आजपासून सुट्टी! आमच्या शाळेचा हा नेम अण्णांनीच घातलेला. सीमोल्लंघन करून देवी पलंगावर निजली की शाळेनंही निजायचं, कोजागरीला ती उठली की पाट्या काढायच्या. अण्णा म्हणाले, "परवा नळदुर्ग. किल्ला बघायचा." शामला सोनं वाटायचं सोडून अंगणभर नाचली.

आश्विन शुद्ध द्वादशी

लिहू का नको कळत नाही. लिहिते.

कोळशावरच्या मोटारीनं गेलो. चढावर सगळ्यांना उतरून ढकलावी लागली, त्याचंही हसू आलं. इतका चांगला दिवस होता! बोरी नदी भरून वाहत होती, नर-मादी दोन्ही धबधबे जोरात. उपळ्या बुरुजावर अण्णांनी गोष्टी सांगितल्या. दशम्या आणि शेंगाचटणी खाल्ली. मग बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालाकडं उतरायला निघालो. जिन्याच्या तोंडाशी एक पाटी ठोकलेली, उर्दूत, घाईनं खरडलेली. शामलानं विचारलं, "काय लिवलंय, अण्णा?" अण्णा म्हणाले, "असेल काही. चला."

मला वाचता येत होतं. पहिला शब्द दिसताच जिभेवर आला. पण व्रत! मी ओठ मिटून घेतले.

आणि नरूनं वाचलं. खडाखडा. "जीने से नीचे उतरना मना है, पानी का जोर है." वर शामलाला समजावूनही दिलं, "पायऱ्या उतरू नका म्हणतंय, वाहून जाल."

दोन वर्षांपूर्वी नरूला बे आणि पे ही अक्षरंही वेगळी कळत नव्हती. आता बिनटिंबांचं, वेडंवाकडं लिहिलेलं हा पाण्यासारखं वाचतो!

मी अण्णांकडं पाहिलं. रागावतील वाटलं. त्यांचा चेहरा फुलला होता. नरूच्या पाठीवर थाप मारायला हात वर गेलेला. मग मी बघतेय हे दिसलं त्यांना. हात खाली आला.

आई एकदम दशमीचं फडकं झटकू लागली. म्हणजे आईलाही माहीत!

मोटारीत शामला माझ्या मांडीवर झोपली.

आश्विन शुद्ध त्रयोदशी

नरूला न्हाणीपाशी गाठलं. आधी खोटं बोलला. मग रडला. तालीम वगैरे काही नाही. पहिल्यापासून नाही! रोज पहाटे मुन्शींकडं जातो. पुढल्या साली उर्दू मिडलच्या परीक्षेला बसणार, मग कचेरीत लागणार. अण्णांनीच घातलं. "ताईला सांगू नको, तिला वाईट वाटंल," असंही त्यांनीच सांगितलं.

आणि मी हरभरे भिजवत होते!

अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. मी म्हणाले, "व्रत होतं ना?"

अण्णा म्हणाले, "मुलाला उद्या संसार पोसायचाय. ह्या राज्यात उर्दूबिगर चपराशाची नोकरी मिळत न्हाय. तू शहाणी आहेस."

"मग मलाही बसवा मिडलला. मी नरूच्या पुढं होते."

"तुला काय करायचंय? पुढल्या लग्नसराईत तुझं उरकायचंय."

"आणि सोलापूरची फायनल?"

अण्णांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात आई आतून आली. "बापाशी तोंड वर करून बोलू न्हाय, विमल. लोकांत मान आहे त्यांचा. घरात एकानं तरी व्रत पाळलेलं दिसाया नको का?"

दिसायला! म्हणजे मी दाखवायची होते. शामला आणि मी. श्राद्धाच्या ब्राह्मणांनी वा वा म्हणावं म्हणून पाटावर मांडलेल्या. खरी शाळा पलीकडच्या आळीत भरत होती.

मारलं असतं तर एवढं लागलं नसतं.

आश्विन पौर्णिमा, कोजागरी

देवी उठली. आमची शाळा नाही उठली. अण्णांनी हाक मारली, मी भांडी घासत बसले.

आश्विन वद्य चतुर्थी

हरभरे भिजत घालणं बंद. नरू उपाशीच गेला. वाईट वाटलं. वाटू दे.

आश्विन वद्य दशमी

शामला पाटी घेऊन मागं मागं फिरते. "ताई, शिकीव ना." हिचा काय गुन्हा? अर्धा धडा घेतला. मला शिकवता येतं. चांगलं येतं. तेच तर दुखतं.

कार्तिक शुद्ध द्वितीया, भाऊबीज

पहाटे उटणं लावून नरूला न्हाऊ घातलं. पाठ खरंच पडवळासारखी आहे. हसू आवरलं. ओवाळलं तेव्हा तबकात घालायला त्यानं मूठ पुढं केली. मी म्हणाले, "हे नको. दुसरं दे."

"काय?"

"मुन्शीचाचांना विचार. ताईला शिकवाल का? आडून, पडद्यामागून, कसंही. नाही म्हणाले तर तू रोज शिकून येशील ते मला शिकव."

नरू घाबरून दाराकडं बघत होता. अण्णा देवळात गेलेले. मग मुंडी हलवली. बारा वर्षांचं पोर, पण हो म्हणाला. या घरात मला कुणी हो म्हणालं, त्याला किती दिवस झाले!

भीतीही वाटते. मुन्शींना माझी आठवण असेल का? माझ्यासाठी त्यांनी कधी चौकशीही केली नाही. लेकीनं तर तोंडच फिरवलंय.

कार्तिक शुद्ध चतुर्थी

नरू धापा टाकत आला. मुन्शीचाचा म्हणाले, "म्या तर दोन वर्सांमागंच बुलावलं होतं तिला. मैमुनाबरोबर घरीच बस म्हणलो होतो, फी नको म्हणलो होतो. तिनंच निरोप धाडला, मुसलमानाच्या घरी पाय टाकला तर विटाळ होतो. तुझे वालिद, विष्णुपंतच, येऊन सांगून गेले. मैमुना इथंच बसली होती. लई रडली पोर."

मी असा निरोप धाडला नाही. मला कुणी बोलावलंय हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

अण्णा ओट्यावर पान जमवत बसलेत. त्यांच्यासमोरून जाते. विचारणार नाही. कुठं निघालीस म्हणाले तर सांगीन— मैमुनाच्या घरी.