सांडलं ते झाडणारीचं

३ मार्च १९९८
चोर! मला चोर म्हणाले!
पलीकडच्या देशाचे रूळ रुंद, आमचे अरुंद. म्हणून सीमेवर सगळा माल त्यांच्या डब्यांतून आमच्या डब्यांत भरायचा. भरताना सांडणारच. आई या यार्डात झाडायची तेव्हापासूनचा रिवाज — सांडलं ते झाडणारीचं. अख्ख्या गावाच्या कोंबड्या या रेल्वेने पोसल्या! आज फाटकावर माझी मक्याची पिशवी उघडली. नवे साहेब, हाल्मोश, म्हणाले, "बाई, याला चोरी म्हणतात." नोकरी गेली. आणि माझ्या तोंडून एक शिवी निघाली नाही, त्याचाच जास्त संताप.

४ मार्च
कोंबड्या दारात येऊन बसल्यात. त्यांना काय सांगू?

११ मार्च
देझ्यो भावजी आले. यार्डाचे मुकादम. त्यांचं डुक्करही याच मक्यावर माजलंय, पण त्या दिवशी फाटकावर मान खाली घालून उभे होते.
"वहिनी, यार्डाला पन्नास वर्षं होतायत. इतिहासाचं प्रदर्शन मांडतायत. साहेबांना तुमच्या आईचा झाडू हवाय."
"कशाला? अंगण झाडायला?"
"काचेच्या पेटीत ठेवायला. जुनी परंपरा म्हणून."
आईने झाडलं ती परंपरा, मी झाडलं ती चोरी! कॉफीसुद्धा विचारली नाही त्यांना.

१२ मार्च
झाडू माळ्यावरून काढला. काटक्या झिजून बोटभर उरल्यात. गावात पीठ मिळत नव्हतं, त्या हिवाळ्यात आम्ही चौघी बहिणी याच झाडूवर जगलो. नाही देणार. मेले तरी नाही.

१६ मार्च
फुकट तर नाहीच द्यायचा, असं ठरवून गेले साहेबांकडे. बसा म्हणाले नाहीत, मीच बसले.
"झाडू हवा ना? मग माझी नोकरी परत द्या. आणि पाटीवर आईचं नाव लिहा — वेरोन बाकोश."
"मान्य."
इतक्या पटकन! वर हसलेसुद्धा. भावजी तिथेच उभे होते, ते खिडकीबाहेर बघत राहिले. असू दे. जिंकले मी! घरी येऊन पोगाचा, खारे गोल पाव, भाजले, शेजारीपाजारी वाटले.

१ एप्रिल
प्रदर्शन मांडलंय माल भरायच्या शेडमध्येच. रुळांवर फळ्या ठोकल्यात. मग माल कुठे भरणार?
भावजींना कोपऱ्यात गाठलं.
"गाड्या आता पलीकडेच रिकाम्या होणार, वहिनी. आपलं यार्ड बंद."
"कधी ठरलं हे?"
"जानेवारीत."
जानेवारीत! म्हणजे मक्याचं निमित्त! चोर ठरवून काढलं की नोकरी गेल्याची भरपाई द्यावी लागत नाही! आणि हा घरचा माणूस सगळं माहीत असून गप्प बसला. सगळ्यांना ऐकू जातील अशा शिव्या दिल्या त्याला. या वेळी एकही अडली नाही.

६ एप्रिल
साहेबांनी शब्द पाळला. पाटीवर आईचं नाव आहे. मलाही नोकरी आहे — रोज सकाळी तिच्या झाडूभोवतीची जमीन झाडते. तिथे काहीच सांडलेलं नसतं.