पुढचं डावं चाक, आतली बाजू

तीर्थरूप मामांना तुमच्या भाचीचा कोपरापासून नमस्कार. (हा टोमणा नाही, कोपराच्या पुढचा हात ग्रीसने माखलाय.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामीचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल आहेत, एक गाडी सोडली तर. पण गाडीच्या दुखण्यापायी जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

लहानपणी तुम्ही मला चाक काढायला शिकवलंत, त्या गुर्मीत मी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरीच बदलले. तुमचे जावई गॅरेजला द्या म्हणत होते. (ते टायरमध्ये हवा भरतानासुद्धा दोन पावलं लांब उभे राहतात, तेव्हा त्यांचं मी मनावर घेतलं नाही.) पॅडच्या पाठीशी बसून आवाज दाबणाऱ्या त्या पातळ पट्ट्या, ज्यांना तुम्ही शिम म्हणता, त्या जुन्याच घासूनपुसून ताटात मांडल्या, ज्या चाकाची, ज्या बाजूची, तशा ओळीने. शेजारी खुर्ची टाकून बाबा, म्हणजे माझे सासरे, पेपर वाचत बसले होते. ते तिथे येऊन बसले हेच मुळात नवल होतं.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे, बाबांची उभी हयात बस चालवण्यात गेली. मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं आणि तुमच्या जावयांनी खुंटीवरची चावी गुपचूप काढून घेतली. (मागितली असती तर त्यांनी दिली असती, असं माझं मत आहे; पण मला विचारतो कोण.) तेव्हापासून बाबांनी गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. दवाखान्यात जायचं तरी पायी. आम्ही चला म्हटलं की नको म्हणायचे, आणि हळूहळू आम्हीही म्हणेनासे झालो. घरात त्यांचा आवाज असून नसल्यासारखा झाला होता. मला ते फार लागायचं.

तर चाकं चढवली, गाडी बाहेर काढली, कोपऱ्यावर ब्रेक दाबला, आणि अशी किंकाळी निघाली की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. मग काय, अख्खी गल्ली डॉक्टर झाली. शिंपी म्हणाला, तेल कमी पडलंय. (ब्रेकला तेल घालणारा हा पहिलाच.) तुमचे जावई म्हणाले, नवा जोडा चावतोच. भूगोलाचे रिटायर मास्तर पांढऱ्या शर्टानिशी गाडीखाली शिरले आणि काळ्या शर्टानिशी बाहेर येऊन म्हणाले, दोष रस्त्याचा आहे. मी आपली नव्या डिस्कवरचा तेलकटपणा पुन्हा पुसला, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन हलके हलके ब्रेक दाबत नवे पॅड रुळवून पाहिले. किंकाळी जागच्या जागी.

हरून परत आले तर बाबा पेपर न हलवता म्हणाले, "पुढचं डावं चाक. आतली बाजू."

मामा, ते गाडीत बसलेसुद्धा नव्हते. दोन घरं पलीकडून नुसतं ऐकून सांगितलं. मी चाक उघडलं, तर पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या पॅडमागे शिमच नाही. माझ्या अंगावर काटा आला. देवमाणूस म्हणायचं की काय म्हणायचं मला कळेना. घाईत ती बसवायची राहिली असणार. ताट, केर, मोरी, सगळीकडे शोधली, मिळाली नाही. चाक चढवून नवी आणायला निघणार, एवढ्यात बाबा चपला घालून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलेले. म्हणाले, चल, पुन्हा एकदा ऐकू. मी शिमचा विषय गिळला आणि म्हटलं, चला, तिथे तर काहीच सापडलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही आवाज ऐकायला जातो. बाबा डॅशबोर्डवर तळवा ठेवतात, डोळे मिटतात आणि सांगतात, आज वळणावर सूर चढा आहे. मग घाटातल्या बसच्या गोष्टी निघतात. शिंपी आपलं मशीन कुरकुरतं म्हणून त्यांना घेऊन गेला, मास्तरांनी पंखा दाखवला. जेवताना बाबा भात पुन्हा मागून घेतात. सासूबाई त्यांच्या शर्टाला इस्त्री करायला लागल्या आहेत, आणि त्या स्वतःच्या साडीलाही करत नाहीत. मी एवढं ज्ञान आणि एवढा आनंद एका माणसात कधी पाहिला नव्हता. ब्रेक मी नीट तपासलेत, गाडी हुकमी थांबते, त्रास होतो तो फक्त कानांना.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. बाबा तुम्हाला फोन करून या आवाजाबद्दल विचारणार आहेत. शिमचं नाव काढू नका. दुखणं जुनाट आहे, सापडायला वेळ लागेल, असं सांगा. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा. तुमच्या जावयांनाही बोलू नका. ते कानात कापूस घालून सुखात आहेत.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरातला. व्याहीबुवा, नमस्कार. सूनबाईने पाकीट पेटीत टाकायला दिलं, पण चिकटवायचं विसरली. वाचायला नको होतं, वाचलं. माझ्या कानांची तिने एवढी तारीफ केली आहे म्हणून सांगतो, मला हल्ली कुकरची शिट्टीसुद्धा धड ऐकू येत नाही. ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा ताटातली ती पट्टी मी सहज हातात घेतली होती. बऱ्याच दिवसांनी गाडीचं काहीतरी हातात आलं होतं. ती परत आली तशी पेपराखाली लपवली, आणि द्यायचं धाडस झालं नाही. मग आवाज निघाला आणि सगळे मला विचारायला लागले. त्याआधी वर्षभर मला कोणी काही विचारलं नव्हतं. आता तिला दुखण्याचं मूळ सापडलं आहे हे मला कळलं, हे तिला कळू देऊ नका. मी फोन करीन तेव्हा तुम्ही जुनाट दुखणं म्हणा, मी हो म्हणेन. शिम माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. माझं काही बरंवाईट झालं तर डबी सूनबाईला द्यायला सांगा. पुढचं डावं चाक, आतली बाजू.