कपाशीतले तीन लाल धागे

मंगळवार, संध्याकाळ

चुकलंच माझं. विजेच्या तारांना धडकून किती पक्षी मरतात हे मोजायचं, तर मेलेला पक्षी जमिनीवर किती दिवस टिकतो ते आधी कळायला हवं. म्हणून पोल्ट्रीतली मेलेली पिल्लं, पायाला लाल धागा बांधून, मी काही माळावर ठेवते, काही कपाशीत. माळावरची चार-चार दिवस असतात. जाम गावाजवळच्या कपाशीतलं मात्र दुसऱ्या दिवशी गायब. तिन्ही वेळा वहीत 'कुत्र्यानं नेलं' लिहून मोकळी झाले. कुत्रा पाहिला होता का मी? नाही.

आज त्या शेताच्या मालकीणबाई भेटल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी तीन लाल धागे माझ्या हातावर ठेवले. "पोरी, हे तुहे का? मीनंच पुरले ते पिल्लं धुऱ्यावर. असे उघड्यावर काऊन टाकून राह्यली तू?"

त्यांनी शेताच्या बांधाकडे बोट दाखवलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

वहीतला कुत्रा खोडलाय. प्रकल्पाच्या सरांना उद्या सांगते. पण पुढचं पिल्लू तिथं ठेवायचं कसं? निघताना बाई म्हणाल्या, "आता थेट मलेच देजो. मंग मले पऱ्हाटीत धुंडत नाई फिरा लागन."